मुलाणी सरांचं ‘खलास’

मुलाणी सरांची आणि माझी ओळख वादानं झाली, आणि वाद अर्थातच मी काढला होता. लोणावळ्याच्या एका हॉटेलात मी रिसेप्शनवर काम करते. पावसाळ्यात आखाती देशांतली कुटुंबं आमच्याकडे उतरतात. त्यांच्याशी चार वाक्यं बोलता यावीत म्हणून मी मोबाईलच्या ॲपवर अरबी शिकत होते. बाजारपेठेत कापडाच्या दुकानावरच्या खोलीत सर दर रविवारी अरबी शिकवतात असं कळलं, म्हणून गेले. पाहते तो काय, चांगली मोठी माणसं एका सुरात अक्षरं घोकत बसलेली! मी दारातूनच म्हणाले, “सर, अर्थ न कळता घोकून कधी भाषा येते का?”

सर रागावले नाहीत. दारात पाय ठेवताना मी सवयीनं ‘जय भीम’ म्हटलं होतं, ते त्यांनी नेमकं ध्यानात ठेवलं होतं. म्हणाले, “घरी पाली वंदना म्हणता ना? जरा म्हणून दाखवा.” मी घडाघडा म्हणून दाखवली. “छान. आता मधल्या ओळीचा अर्थ सांगा.” मी ती ओळच पुन्हा म्हटली. सर हसले. “घोकल्यामुळे उच्चार बघा किती स्वच्छ आहे तुमचा. अर्थ येईल मागाहून. बसा.” तेव्हा जी बसले, ती अजून उठलेली नाही.

सर आंदर मावळातल्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. लहानपणी ते कुराण वाचायला शिकले, तेही आमच्या वंदनेसारखंच, अर्थ न कळता. पुढे नोकरी लागल्यावर त्यांना तो अर्थ गप्प बसू देईना. मग सुटीच्या दिवशी पुण्याला एका वयोवृद्ध मौलवींकडे जाऊन त्यांनी अरबीचं व्याकरण पक्कं केलं. परदेशी मात्र ते कधीच गेले नाहीत, आणि हे ते आपणहून सगळ्यांना सांगत.

कुठली पद्धत खरी, यावर वर्गात कायम जुंपलेली असे. आमच्यातले रफिकभाई आखातात ट्रक चालवून परत आलेले, आता पर्यटकांची जीप चालवतात. त्यांना अरबीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण बोलायला लागले की थांबत नसत. ॲपनं मला ‘मांजर दूध पिते’ हे वाक्य शिकवलं होतं. त्यावरून ते दर रविवारी छेडायचे, “ताई, तुमचं मांजर उतरलं का हॉटेलात?” सर आम्हाला पोटभर भांडू देत आणि मग फळ्याकडे वळत.

त्यांची स्वतःची रीत पक्क्या मराठी मास्तरांची. हुकूम, हाकीम, हुकूमत असे आपलेच शब्द लिहून म्हणत, “ह, क, म एवढी तीन अक्षरं धरा, अख्खं खानदान हाती लागतं. अरबी तुमच्या तोंडात आधीच आहे, तुम्हालाच पत्ता नाही.” पण शेजारी दुसरा रकाना असे, फसव्या शब्दांचा. आपला गरीब म्हणजे पैसा नसलेला, त्यांचा गरीब म्हणजे परका. आपली हरकत म्हणजे आक्षेप, त्यांची हरकत म्हणजे हालचाल. “तिकडे ‘माझी हरकत आहे’ म्हणालात, तर लोक विचारतील, मग चालून दाखवा की!” असं म्हणून सर स्वतःच आधी हसत.

त्या फसव्या रकान्यानं एकदा आमच्या घराचा जीव काढला होता. माझा भाऊ मिलिंद आखातात इलेक्ट्रिशियन होता. कामावर परांचीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, रक्त खूप गेलं. ऑपरेशन नेमकं रविवारी ठरलं. घरात बसवेना, आणि काही अरबीत बोलायची वेळ आलीच तर सर जवळ असावेत, म्हणून मी वर्गात येऊन बसले होते. कार्ल्याला घरी आईला मात्र दम धरवला नाही. तिनं सरळ मिलिंदच्या नंबरावर फोन लावला, आणि मग मला.

“सुषे, आपला मिलिंद गेला गं! फोनवर कुनी मानूस हुता. दोनदा म्हनला, मिलिंद खलास, मिलिंद खलास!”

मी ते जसंच्या तसं सरांना सांगितलं. सरांनी खडू खाली ठेवला. “नेमका हाच शब्द? खलास?” मी मान हलवली. “सुषमाताई, अरबीत खलास म्हणजे आटोपलं. काम आटोपलं तरी ते खलासच म्हणतात. पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. आधी विचारू.”

मिलिंदच्या नंबरावर पुन्हा फोन लावला, तर उचलायला कुणी तयार होईना. अखेर वॉर्डातल्या कुणीतरी उचलला. सरांनी त्यांच्या शुद्ध, पुस्तकी अरबीत विचारलं, तो जिवंत आहे का? पलीकडून उत्तर आलं ते एवढ्या झपाट्यानं, की सरांच्या हाती एक शब्द लागला नाही. आयुष्यभर मास्तरकी केलेला दुसरा कुणी असता तर तिथेच अडून बसला असता. सरांनी क्षणात फोन पुढे केला. “रफिक, हे तुमचं अरबी आहे. तुम्ही बोला.”

“मिलिंद झेन?” रफिकभाई ओरडले. बरा आहे ना?

“झेन, झेन! नाएम. बंज, बंज.”

“बरा आहे म्हणतो, सर! झोपलाय. पण हे बंज काय?”

सरांचा चेहरा उजळला. “बंज म्हणजे भूल! आपली भांगच ती, तिकडे जाऊन दवाखान्यात कामाला लागली. भुलीच्या अमलाखाली झोपलाय पोरगा. संपलंय ते ऑपरेशन!”

मी सगळ्यांसमोर मोठमोठ्यानं रडले, आणि फोनमध्ये ‘शुक्रन, शुक्रन’, म्हणजे आभार, एवढंच म्हणत राहिले. ॲपनं शिकवलेला तो शब्द तेवढा कामी आला.

पण आईचा आता फोनवर विश्वास राहिला नव्हता. “मला बनवू नगंस,” म्हणून तिनं फोन ठेवून दिला. सर म्हणाले, “चला, मी येतो.” भुशी धरणाला निघालेल्या गर्दीनं रस्ते तुंबलेले होते. दुखरे गुडघे सांभाळत सर रफिकभाईंच्या जीपमधून कार्ल्याला आले. अंगणात बाया जमल्या होत्या. सर चपला काढून आईसमोर जमिनीवर बसले.

“आक्का, मिलिंद खलास नाही झाला. मिलिंदचं ऑपरेशन खलास झालं. तिकडे आटोपलेल्या कामाला तसं म्हणतात.”

आईनं विचारलं, “खरं?”

“तुमच्या दारात बसून खोटं बोलेन का?”

आईनं पदरानं तोंड पुसलं. “मंग तसं नीट सांगायचं की त्यानं! मराटी येत न्हाई व्हय त्याला?”

अख्खं अंगण हसलं. आईनं भरपूर साखर घालून चहा केला. सरांना मधुमेह आहे, तरी त्यांनी तो मुकाट्यानं संपवला. संध्याकाळी फोनवर मिलिंदचा आवाज आईच्या कानावर पडला, तेव्हा कुठे ते उठले. मराठी मास्तरांनी अरबी शिकून काय साधलं, असं कुणी विचारलं तर मी त्याला ही संध्याकाळ सांगते.

आता मिलिंद घरी आला आहे, थोडा लंगडतो, आणि रविवारी वर्गात पहिल्या रांगेत बसतो. तास संपला की सर खडू ठेवून म्हणतात, “खलास!” मिलिंद लगेच ओरडतो, “हजर!” ‘हजर’ हा शब्द दोन्ही भाषांत एकाच अर्थाचा, त्यामुळे सरांनी तो फसव्या रकान्यात कधीच घातलेला नाही.

सर, तुम्हाला पंचाहत्तरीच्या शुभेच्छा. तुमच्या गुडघ्यांत तो जिना चढण्याचं बळ राहो, साखर ताब्यात राहो, आणि घशातून उमटणारी तुमची अक्षरं अशीच खणखणीत ऐकू येवोत. आईला लिहिता येत नाही, म्हणून तिचा निरोप मीच लिहिते आहे. ती म्हणाली, “सरांना म्हनावं, त्यो ‘खलास’ शब्द कामापुरता वापरा, सोतासाटी न्हाई.”