जागी पलटण

झोप न येणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. गाढ झोपणाऱ्या बिचाऱ्याला रात्री काही घडलं, हेच माहीत नसतं! आम्ही हडपसरचे चार निवृत्त फौजी. रोज सकाळी बागेत चालायचो, मग कट्ट्यावर चहा. लॉकडाऊन लागला, बाग बंद झाली आणि चौघांचीही झोप उडाली. भेट उरली फोनवरची. हे सगळं तेव्हाचं.

*

सुरुवात माझ्यापासूनच करतो. सून रोज नाश्त्याला विचारायची, "बाबा, झोप लागली?"

"मस्त!"

एक दिवस तिने माझा मोबाइल माझ्यासमोर ठेवला. "मग ग्रुपवर मध्यरात्री 'शुभ सकाळ' कोणी टाकलं?"

मी चहाचा कप तोंडाला लावला.

"आणि बाकीच्या तिघांनी लगेच नमस्कारही केलाय!"

*

सुभेदार जगतापांचं दुखणं उलटंच. सगळी नोकरी गेली जनरेटरशेजारी, सिग्नलच्या म्हणजे संदेशवहनाच्या तुकडीत. निवृत्तीनंतर घर घेतलं तेही हायवेला लागून. ट्रक, हॉर्न, सगळं चालायचं. लॉकडाऊनमध्ये रस्ता शांत झाला आणि हे टक्क जागे!

मला म्हणाले, "अरे, सीमेवर एकदम सामसूम झाली की आम्ही बूट चढवायचो. आता गादीवर पडून कसा राहू?"

नातीने मोबाइलवर जनरेटरचा आवाज शोधून उशाशी लावून दिला. साहेब घोरायला लागले! सकाळी वहिनींचा फोन. "त्यांचं झालं हो. आता माझ्या झोपेचं काय ते बघा!"

*

हवालदार तुपे इथल्याच शेतकरी घरातले. निवृत्त झाल्यापासून दाराजवळ जमिनीवर झोपायचे. घरात सगळ्यांना वाटायचं, पाठीसाठी.

लॉकडाऊनमध्ये मुलाने व्हिडिओ कॉलवर डॉक्टर गाठून दिले. डॉक्टरांनी विचारलं, "पाठ दुखते का?"

"न्हाय."

"मग खाली का झोपता?"

तुपेंनी एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "कुणी आत आलंच, तर आधी मी गावलो पायजे."

मागे वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी त्यांनी आपलं अंथरूणही दाराशी आणलं.

तुपे म्हणाले, "अगं, तू कशाला?"

"आता दोघं गावू की!"

*

नाईक पवार एकटे राहायचे. पत्नी आदल्या वर्षीच गेल्या होत्या. एकदा औषधं घेऊन परतताना सोसायटीच्या गेटवर नव्या वॉचमनने ताप बघायची गन सरळ कपाळावर रोखली. पवार क्षणात जमिनीवर! गोळ्यांची पाकिटं रस्ताभर.

रांगेत हशा पिकला. एकाने विचारलंच, "अहो, फौजी ना आपण? घाबरलात?"

पवार गुडघे झटकत उठले. "वेळेवर घाबरत आलो, म्हणून तर इथे उभा आहे!"

हशा थांबला. वॉचमन कपाळ सोडून सगळ्यांचा ताप मनगटावर बघू लागला. घरी पोचल्यावर मात्र पवारांनी मला फोन केला, तो तासभर ठेवलाच नाही.

*

पुढे पवारांनाच कोविड झाला. वॉर्डात सहा खाटा, सगळे डोळे उघडे ठेवून पडलेले. आपण झोपलो आणि ऑक्सिजन उतरला तर? शेजारच्या खाटेवर नारायण पेठेतले निवृत्त हेडक्लार्क होते, साठेकाका. ते तर बसूनच असायचे.

पवार म्हणाले, "मला तसंही झोप येत नाही. तुम्ही सगळे झोपा, मी जागा आहे."

साठेकाकांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "जागे राहणार असाल तर गाणी म्हणू नका. बाकी हरकत नाही."

आणि वॉर्ड झोपला! पवार आपल्या खाटेवरून एकेकाच्या यंत्रावरचा आकडा वाचत राहिले. काही चुकतंय वाटलं की बेल. पुढे रोज हेच. लोकांची तब्येत सुधारू लागली. पवार मात्र सुकत चालले.

साठेकाकांचा डिस्चार्ज ठरला. आदल्या दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी आपली खुर्ची ओढत पवारांच्या खाटेजवळ आणली.

"पवार, आडवे व्हा."

"काका, मला झोप—"

"आपल्याला विचारलेलं नाही. आता मी जागा आहे."

नर्स चहा घेऊन आली, तेव्हा पवार भिंतीकडे तोंड करून झोपले होते. काका खुर्चीत ताठ बसलेले, नजर आकड्यावर. तिने पवारांच्या खांद्याकडे हात नेला.

काका हळूच म्हणाले, "सिस्टर, त्यांना उठवू नका. त्यांची सुट्टी मंजूर झाली आहे."