खालून ओ आली

या साइटवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं वाचतोय, पण आजपर्यंत एकही प्रतिक्रिया दिलेली नाही. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचायचो. ऑफिसला जाताना बसमध्ये वाचायचे आणि बायकोला हसत हसत सांगायचे, असं चालायचं. मी मेडिकल उपकरणांचं सॉफ्टवेअर लिहितो. मशीनमध्ये काही विचित्र झालं की log, म्हणजे मशीनची नोंदवही, बघायचा, कारण सापडतंच — या एका वाक्यावर माझी सगळी नोकरी चालते. तेव्हा मी हे लिहितोय म्हणजे माझ्यावर काय वेळ आली असेल ते समजून घ्या.

आम्ही जर्मनीत एर्लांगेनला राहतो. मी चिन्मय, बायको ऋता. गेल्या ऑक्टोबरमध्ये तिचे आई-बाबा साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आले होते. सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. उंच, शिस्तीचे, मोजकं बोलणारे. लग्नाला सहा वर्षं झाली तरी आमच्या दोघांत एक औपचारिकपणा होता... ते मला "चिन्मयराव" आणि "तुम्ही" म्हणायचे, मी त्यांना "बाबा". हवा आणि ट्रेनच्या वेळा संपल्या की पुढे काय बोलायचं हे दोघांनाही कळायचं नाही. शेवटी ऋताच म्हणाली, "अरे, त्यांना एखाद्या खेड्यातल्या ब्रुअरीत घेऊन जा. ते कसं बनवतात यात त्यांना इंटरेस्ट असतो. आणि थोडी घेतात ते, लाजू नकोस."

म्हणून एका शनिवारी आम्ही दोघंच निघालो. सासूबाईंचा गुडघा दुखत होता, ऋता त्यांच्याजवळ थांबली. रिजनल ट्रेनने फोर्शहाइम, तिथून बसने पाऊण तास आत डोंगरात. गावाचं नाव देत नाही, कारण पुढे कळेल. चाळीस-पन्नास घरं, एक चर्च, आणि एक जुनं गास्टहाउस, म्हणजे खाणावळ. तिथेच बिअर बनते, तिथेच संपते, बाटलीत भरून कुठे जात नाही. आमच्या या फ्रांकेन भागात अशी बरीच आहेत.

अडीच वाजले असतील. बाहेर स्वच्छ ऊन. आत कमी उंचीचं छत, हिरव्या टाइल्सची मोठी शेगडी, आणि काउंटरवर आडवं ठेवलेलं लाकडी पिंप. पंप नाही, गॅस नाही. पितळी तोटी फिरवली की बिअर आपल्या वजनाने मगमध्ये उतरते. बाबांनी आधी ती तोटीच नीट बघून घेतली.

मालकीणबाई सत्तरीच्या असतील. चालवणाऱ्या त्या एकट्याच. त्यांची बोली इतकी घट्ट फ्रांकिश की माझं बी-टू पातळीचं जर्मन निम्म्यावर थकलं. पहिली बिअर गढूळ, फिकट रंगाची दिली — बाबांनी घोट घेऊन नुसती मान डोलावली. दुसरी काळपट, किंचित गोडसर. तिसरी धुरावर वाळवलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची. तिचा वास घेऊन बाबा चक्क हसले. "चिन्मयराव, भरताचं वांगं भाजल्यासारखं आहे की हो हे!" मी ते जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनाही हसू आलं. त्या दुपारी आम्ही दोघं पहिल्यांदा मोकळं बोललो. ते त्यांच्या नोकरीबद्दल, खोदलेल्या विहिरींबद्दल सांगत होते, आणि मला खरोखर ऐकावंसं वाटत होतं.

मग त्यांनी विचारलं, पिंपं ठेवतात कुठे? बाई म्हणाल्या, चला दाखवते.

अंगणाच्या पलीकडे टेकडीच्या पोटातच दार होतं. वाळूच्या दगडात कोरलेलं तळघर, शे-दोनशे वर्षांपूर्वीचं. दार उघडताना बाई वळून मला काहीतरी म्हणाल्या. मला कळलं ते असं — "खाली कोणाला हाक मारायची नाही. बोला, पण हाक नाही. कळलं ना?" मी "हो, हो" म्हणालो. मनात म्हटलं, गावाकडची काहीतरी समजूत. बाबांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"डोकं सांभाळा म्हणतायत. छत खाली आहे."

हे मी का केलं? भाषांतर करायचा कंटाळा आला, एवढंच. त्याचा पश्चात्ताप अजून होतो.

अठ्ठावीस पायऱ्या. बाबांनी मोजल्या. खाली फ्रिजसारखा गारवा, ओल्या लाकडाचा वास, तारेला लटकलेले दोन बल्ब. भिंतीला लागून पिंपांची रांग. त्यापलीकडे दोन बोगदे आत जात होते, त्यांत दिवा नव्हता. बाईंनी एका पिंपाच्या लहान तोटीतून आम्हाला अर्धा-अर्धा ग्लास काढून दिला. तेवढ्यात वर गास्टहाउसची घंटा वाजली, कोणीतरी गिऱ्हाईक आलं असावं. "संपवून या वर," म्हणून त्या गेल्या.

मी पिंपांवर खडूने लिहिलेल्या खुणांचे फोटो काढायला वाकलो. चार-पाच फोटो काढले. सरळ उभा राहिलो, तर बाबा नाहीत.

साहजिकच हाक मारली. "बाबा?"

डावीकडच्या बोगद्यातून ओ आली. "इकडे आहे. इकडे या, चिन्मयराव."

त्यांचाच आवाज. शंका यायचं कारणच नव्हतं. बघत बघत आत गेले असतील म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून मी निघालो. बोगदा सरळ होता. टॉर्च समोर धरला होता, पण कोणी दिसेना. "बाबा, कुठे आहात?"

"इथेच. पाय घसरलाय जरा. हात द्या."

मी घाबरलो — पडले असतील या भीतीने. भराभर चालू लागलो. पन्नासेक पावलांनंतर दोन गोष्टी जाणवल्या. आवाज प्रत्येक वेळी तितक्याच अंतरावरून येत होता, जवळ येतच नव्हता. आणि माझ्या बुटांचा आवाज भिंतींवर घुमत होता, मी बोललेलं घुमत होतं... पण त्यांचं बोलणं घुमत नव्हतं. बंद खोलीत कानाशी बोलावं तसं कोरडं येत होतं.

मी थांबलो. मेंदू अजून कारणं देत होता. ओला दगड, वळण असेल, असंच काही.

आणि मागून हाक आली. "चिन्मयराव! अहो, कुठे गेलात?"

बाबाच. लांबून, पायऱ्यांच्या बाजूने. हा आवाज मात्र घुमत होता.

मी वळणार इतक्यात पुढून शांतपणे शब्द आले, "तिकडे जाऊ नका. तो मी नाही."

मी होतो तिथेच उभा राहिलो. पुढे जावं तर... मागे जावं तर... कोणाला पाठ दाखवायची? मला काय सुचलं कोण जाणे, मी ओरडून विचारलं, "ऋताला लहानपणी काय हाक मारायचात?"

"मनू."

दोन्हीकडून. एकाच वेळी. एकाच आवाजात.

माझ्या हातातला ग्लास तेव्हा पडला. तो फुटल्याचा आवाज मात्र मला आठवत नाही. पुढचा आवाज आर्जव करत होता, "हात द्या चिन्मयराव, एक पाऊल पुढे या, एकच..." अतिशय अदबीने, अगदी त्यांच्या पद्धतीने. मी पाऊल उचललं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

मागून धावत येणारी पावलं ऐकू आली आणि आभाळ कोसळल्यासारखा ओरडा — "अरे गाढवा, हलू नकोस! खाली बघ! पायाखाली बघ!"

सहा वर्षांत त्यांनी मला कधी "अरे" म्हटलं नव्हतं. त्या शब्दाने मी भानावर आलो. टॉर्च खाली केला. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर जमीन संपली होती. चौकोनी खड्डा, आत प्रकाश पोचतच नव्हता. तितक्यात बाबांचा हात माझ्या कॉलरवर पडला आणि त्यांनी मला मागे खेचलं. हात गरम होता. धाप लागली होती त्यांना. मी त्यांच्या दंडाला धरलं ते पायऱ्यांपर्यंत सोडलं नाही.

पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि आतून, हळू आवाजात आलं, "चिन्मयराव... निघालात?"

बाबांनी स्वतःचा आवाज ऐकला. त्यांचा तेव्हाचा चेहरा मी विसरू शकत नाही. पासष्ट वर्षांचा माणूस त्या अठ्ठावीस पायऱ्या माझ्यापुढे पळत चढला.

वर ऊन तसंच होतं. एक जोडपं अंगणात बसून जेवत होतं. बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि हातातला ट्रे खाली ठेवला. "हाक मारली?" एवढंच विचारलं.

"मी मारली," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं, तुटक्या जर्मनमध्ये. बाई म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं होतं, खाली हाक मारायची नाही. मी कारण विचारलं नाही. चाळीस वर्षं रोज उतरते, कधी मारली नाही. त्यामुळे खाली काय आहे, मला माहीत नाही." मग त्या थबकल्या. "पण तो खड्डा तर झाकलेला असतो. पूर्वी त्यात बर्फ साठवायचे. त्याच्यावर जाड फळ्या आहेत, दोन माणसांशिवाय उचलत नाहीत."

"उघडा होता."

त्या मोठी बॅटरी घेऊन एकट्या उतरल्या. आम्ही नको म्हणत होतो. पाच मिनिटांनी आल्या आणि बाकावर बसल्या. सगळ्या फळ्या भिंतीला नीट टेकवून ठेवलेल्या होत्या. एकीवर एक, ओळीने. आदल्याच दिवशी त्यांनी त्या जागच्या जागी पाहिल्या होत्या. त्यांनी उठून दाराला कुलूप घातलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

बसची वाट बघताना बाबांना विचारलं, "तुम्ही मला न सांगता वर का गेलात?"

ते माझ्याकडे वळले. "तुम्हीच म्हणालात ना. वाकून फोटो काढत होतात. 'बाबा, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.' अगदी स्पष्ट."

मी काहीही म्हणालो नव्हतो.

"वर जाऊन पाच मिनिटं थांबलो," ते म्हणाले. "तुम्ही येईनात म्हणून परत उतरलो." बसमध्ये आणि पुढे ट्रेनमध्येही ते शेजारी बसले, आणि एर्लांगेन येईपर्यंत माझी बाही धरून होते. घरी कोणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं. ऋताला मी नंतर सांगितलं, ते साताऱ्याला परतल्यावर. ती हसली नाही. म्हणाली, "तरीच बाबा शेवटचे पंधरा दिवस रात्री दिवा लावून झोपत होते."

कारण शोधायचा मी प्रयत्न केला. तळघरात कार्बन डायऑक्साइड साचतो, भास होतात, हे मलाही माहीत आहे. पण डोकं दुखलं नव्हतं, बाबा धावत जिने चढले होते, आणि दोघांना वेगवेगळा, नेमका भास? प्रतिध्वनी म्हणाल तर तो बोललेलंच परत देतो, न बोललेलं नाही. आणि फळ्या वायूने उचलल्या जात नाहीत.

फेब्रुवारीत मी एकटाच परत गेलो. खिशात गॅस मोजायचा मीटर होता. तळघर बंदच होतं. बाईंनी अंगणात स्टीलच्या टाक्या बसवल्या होत्या. काउंटरवरचं लाकडी पिंप गेलं होतं. त्यांनी मला ओळखलं, न विचारता बिअर आणून दिली आणि समोर बसल्या. बऱ्याच बारीक झाल्या होत्या.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "मला एक विचारायचं होतं. तुम्ही गेल्यापासून दुपारी अंगण झाडताना दाराच्या मागून आवाज येतो. माणसाचा. आमची भाषा नाही ती. नेहमी तेच शब्द, म्हणून माझे पाठ झालेत."

आणि त्या फ्रांकिश बाईंनी, ज्यांना मराठी नावाची भाषा आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, एकेक अक्षर जपून उच्चारलं —

"वर... कोण... आहे?"

मग विचारलं, "याचा काही अर्थ होतो का?"

मी म्हणालो, नाही. काही अर्थ होत नाही. आणि कितीही वेळा ऐकू आलं तरी ओ देऊ नका.

बिअर तशीच ठेवून मी बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो. बसला अजून चाळीस मिनिटं होती. मीटर खिशातून बाहेर काढलाच नाही.