रंजनाची नडगी

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, मुलीला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही. ऐका आपलं.

ह्यांना खडोलीच्या एका कारखान्यात मॅनेजरची नोकरी लागली आणि आम्ही सिल्वासाला आलो. डोकमर्डीला क्वार्टर. मी पुण्याची, कथक शिकलेली. दिवसभर तिथे करायचं काय? कॉलनीच्या हॉलमध्ये क्लास काढला. ऑफिसरांच्या मुली आल्या, माझी गौरी होतीच — आणि एक आली रंजना. तिचे वडील अमळनेरकडचे, ह्यांच्याच कारखान्यात धाग्याच्या मशीनवर शिफ्टला. पोरगी किडकिडीत, केसांना चपचपीत तेल. पण नाचायची — काय सांगू! गौरीला महिनाभर घोटूनही जे यायचं नाही, ते ही एकदा बघून उचलायची. मला कौतुक वाटायला हवं होतं ना? मला राग यायचा. जळायचे मी तिच्यावर, सरळ सांगते.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या गुरू येणार होत्या. क्लासातली एक मुलगी निवडून तिला पुण्याला स्वतःच्या घरी ठेवून शिकवणार होत्या. कोण जाणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

दसऱ्याच्या सुमारास रंजना म्हणाली, ताई, पाय दुखतो. कुठे, विचारल्यावर तिनं नडगीवर बोट ठेवलं. एकच बोट. आता नीट ऐका — स्नायू दुखला की माणूस अख्खा तळहात फिरवून दाखवतो. बोटाएवढ्या जागेत दुखतं ते हाड असतं, त्याला बारीक चीर जायला लागलेली असते. मला कसं ठाऊक? विशीत माझीच नडगी तशी झाली होती. गुरूंनी माझे घुंगरू काढून कपाटात ठेवले, दोन महिने नुसतं बसवून ठेवलं, मग हळूहळू लाकडी फळ्यांवर उभं केलं. माझा पाय आजही ठणठणीत आहे. म्हणजे दुखणंही माहीत होतं आणि उपायही.

मी काय केलं? नाटकं बंद कर, म्हटलं. घुंगरांची दोरी दुखऱ्या जागेवर आवळून बांधायला शिकवलं — तेवढ्यापुरतं बधिर होतं, म्हणून. वर क्लास सुटल्यावर तिला एकटीला थांबवून सिमेंटच्या जमिनीवर तत्कार करायला लावायचे, पाय आपट, आणखी जोरात आपट, असं. गौरी मात्र घरी फळ्यांवर नाचायची. मशीनच्या खोक्यांच्या फळ्या आणून ह्यांनी तिला छान चौथरा ठोकून दिला होता. तो हॉलमध्ये न्यायला कितीसा वेळ लागला असता?

एकदा रंजनाचे वडील दारात आले. आत यायला तयार नाहीत. पोरगी झोपेत पाय धरून रडते म्हणाले, थोडे दिवस घरी ठेवू का?

"ठेवा की," मी म्हटलं. "मग कायमचीच ठेवा."

घाबरले बिचारे. साहेबांची बायको ना मी! "नाही ताई, तुम्ही म्हणशाल तसं," म्हणाले आणि गेले. मला बरं वाटलं. हो — चांगलंच बरं वाटलं.

गुरूंसमोर ती नाचली. तोडा संपवून समेवर पाय आपटला आणि तशीच खाली बसली. हाड मोडलं होतं. सगळ्यांच्या देखत मी गुरूंना सांगितलं, ह्या लोकांकडे धड खायला नसतं हो, हाडंच कच्ची. तिचा बाप तिथेच उभा होता.

गौरी पुण्याला गेली आणि वर्षाच्या आत कंटाळून परत आली. रंजनाचं हाड वाकडं जुळलं. ती पुन्हा नाचली नाही.

पायाला प्लास्टर असतानाच एका दुपारी ती आईच्या खांद्याला धरून माझ्याकडे आली होती. वाकता येत नव्हतं, तरी पाया पडायला बघत होती.

"ताई, माझ्यामुळे तुमच्या गुरूंसमोर तुमची मान खाली गेली," म्हणाली. "माफ करा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला माफ केलं.