गुरुवारची मॅटिनी

सिनेमाच्या बाबतीत मी भांडकुदळ आहे. नायिका मूर्खासारखी वागली की तिला तिथल्या तिथे दोन शब्द सुनवावेसे वाटतात, आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी ते थिएटरात सुनवायचेसुद्धा. यजमान मग मुकाट्याने दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसायचे. पुस्तकांचंही तेच. शेवट पटला नाही तर मी समासात पेन्सिलीने लेखकाशी वाद घालते. वाचनालयाच्या पुस्तकात हा उद्योग केल्याबद्दल ग्रंथपालांनी मला एकदा सगळ्यांसमोर झापलं होतं. तरी खोड गेली नाही.

त्यामुळे दोन हजार सालानंतर कधीतरी एका दुपारी, मुलगी तापाने शाळेला न जाता घरी झोपलेली असताना, टीव्हीवर तो जुना हिंदी सिनेमा लागला आणि त्याचा शेवट भलताच निघाला, तेव्हा मी केबलवाल्याला फोन लावायला उठलेच होते. सिनेमात नायकाच्या बहिणीचं बाळ जन्मतःच दगावलं. हे कसं शक्य आहे? मला माहीत असलेल्या सिनेमात ते बाळ जगतं, डॉक्टर त्याला पालथं धरून पाठीवर चापट मारतात, ते टाहो फोडतं आणि आजी नवसाचा नारळ घेऊन धावते. मी तो सिनेमा कधी पाहिला नव्हता. पण मला तो तोंडपाठ होता.

हे कसं, ते सांगायचं तर नव्वदीच्या दशकात मागे जायला हवं. आम्ही तेव्हा नाशिक रोडला कॉलनीत राहत होतो, यजमान प्रेसमध्ये नोकरीला. माझी दोन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून सांगितलं, ‘हे मूल हवं असेल तर बाळंत होईपर्यंत पलंग सोडायचा नाही.’ हवं होतं. इतकं हवं होतं की त्याबद्दल बोलायचीही भीती वाटायची. म्हणून मी बाकी सगळ्या गोष्टींवर चिडचिड करत असे.

पहिली चिडचिड भिंतीवरून झाली. अशा बाईने उठल्या-बसल्या गुटगुटीत बाळ बघावं, म्हणजे पोटातलंही तसंच होतं, अशी आपल्याकडे समजूत. जो भेटायला येई तो बाळाचं कॅलेंडर घेऊन येई. महिन्याभरात माझ्या पलंगासमोर बालवाडी भरली. सगळी गोरीपान, निळ्या डोळ्यांची. आमच्या दोन्ही घराण्यांत सात पिढ्यांत असलं बाळ झालेलं नाही. एके दिवशी मी सगळी उतरवायला लावली आणि त्या जागी दिवाळी अंकांची जुनी मुखपृष्ठं चिकटवून घेतली. उशाशी एक स्टूल, त्यावर ट्रान्झिस्टर, पाण्याचा तांब्या, पेन्सिल आणि वाचायच्या पुस्तकांची चळत. पलंग ही माझी कचेरी झाली. त्या कचेरीचा मला अभिमान वाटायचा, पडल्या पडल्या का होईना.

दुसरी चिडचिड राखणीवरून. सकाळी कामाला बाई यायच्या, त्या दुपारी दीडच्या सुमारास निघून जात. यजमान पाचला येत. मधला वेळ मी एकटी, आणि त्या वेळात डॉक्टरांच्या गोळीने मला गाढ झोप लागे. यजमानांनी आधी माझ्या आत्याला बोलवायचं काढलं, मग त्यांच्या मावशीला. मी आकांडतांडव केलं. ‘मी काय द्राक्षाची बाग आहे राखण बसवायला? कुणी उशाशी बसून माझ्याकडे टकामका बघत राहिलं तर मला झोप लागणार नाही, आणि झोप लागली नाही तर काही झालं तर बघा!’ या शेवटच्या वाक्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. शेवटी किल्ली समोरच्या वहिनींकडे ठेवायची आणि कुणी मला त्रास द्यायचा नाही असं ठरलं.

समोरच्या वहिनी म्हणजे आमच्या दारासमोरच्या बिऱ्हाडातल्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, माहेर-सासर दोन्ही निफाडकडचं. त्यांना वाचनाचा गंध नाही आणि सिनेमाचं जबर वेड. शुक्रवारी थिएटरात नवा सिनेमा लागे, म्हणून गुरुवारी जुन्याला गर्दी नसे. वहिनी दर गुरुवारी बाराच्या मॅटिनीला जात. लग्न होऊन कॉलनीत आल्यापासूनचा हा नेम. घरात पाहुणे असोत, लोणच्याचे आंबे पडलेले असोत, गुरुवार चुकायचा नाही. कॉलनीतल्या बाया त्याला ‘वहिनींचा उपास’ म्हणत.

आमच्या मजल्याखाली एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत. कॉलनीत दिवाळी अंकांची भिशी चाले, म्हणजे प्रत्येक घराने एकेक अंक घ्यायचा आणि आठवड्याने पुढच्या घरी द्यायचा. त्या वर्षी बाईंनी फर्मान काढलं की सगळे अंक आधी माझ्याकडे येतील. मी कृतज्ञतेने विरघळलेच होते. पण अंक आला तो काही पानं पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला! चांगला बारीक धावदोरा, चारी बाजूंनी. दुःखी कथा माझ्या नजरेला पडू नयेत म्हणून बाई प्रत्येक अंक आधी स्वतः वाचून अशा बंद करत होत्या. मी इतकी संतापले की नेलकटरने पहिली शिवण उसवली. आत कुणी मरत नव्हतं. एक बाई नवऱ्याला सोडून परगावी नोकरीला जाते, एवढंच. म्हणजे बाई दुःखाबरोबर आणखीही बरंच काही शिवत होत्या. मी पुन्हा सुई मागवून ती पानं होती तशी शिवून टाकली. बाईंच्या डोळ्यांना तेव्हा मोतीबिंदू होता, तरी टाका सरळ होता, हे उसवताना हाताला जाणवलं होतं. नंतरच्या शिवणींना मी हात लावला नाही.

वाचन असं अर्धवट चाललेलं, आणि सिनेमा तर बंदच. म्हणून मी वहिनींना म्हटलं, ‘तुम्ही पाहून या आणि मला सांगा. पण सगळा सांगायचा, गाण्यांसकट.’

‘सांगेन की. तू नुसतं ऐक. मधी भांडू नको पण.’

आणि खरंच, दर गुरुवारी चारच्या सुमाराला मी जागी होई तेव्हा वहिनी चहाचा कप घेऊन दारात उभ्या असत. मी उशीला टेकून बसे आणि त्या सिनेमा सुरू करत. त्यांच्या सांगण्याला तोड नव्हती. खांद्यावर टॉवेल टाकला की नायिका, डोक्याला गुंडाळला की खलनायक. साडीचे काठ, बंगल्याचे पडदे, नायक कुठल्या हाताने दार लोटतो, काही म्हणून सुटत नसे. गाणी त्या बेसूर म्हणत, पण सगळी म्हणत. मध्यंतर झालं की त्या थांबून चहाचा शेवटचा घोट घेत, आणि मग उरलेला सिनेमा.

आता आठवलं की हसू येतं. मध्यंतरानंतर प्रत्येक सिनेमा थोडा निफाडकडे सरकायचा. मुंबईचा नायक एस.टी.ने घरी यायचा. कोर्टातली भांडणं गावच्या पारावर मिटायची. कडक सासू दोन दिवस सुनेच्या हातची बाजरीची भाकरी खाऊन विरघळायची. काठ आणि पडदे कुठे जात कोण जाणे, पण शेवटी सगळे एका पंगतीला जेवायला बसत. मी मध्येमध्ये हुज्जत घालायची, ‘अहो वहिनी, त्या खुन्याचं काय झालं?’ त्या म्हणायच्या, ‘लय पस्तावला बिचारा.’ मी म्हणायची, काय हे हिंदी सिनेमे! पण पुढच्या गुरुवारची वाट बघायची. पोटातल्या बाळाचा दिवस पुढे ढकलायला मला एवढी एकच युक्ती सापडली होती, की आणखी एक गुरुवार काढायचा.

असे गुरुवार निघत गेले. द्राक्षं बाजारात आली तेव्हा माझी मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, सावळी, काळ्या डोळ्यांची, फुफ्फुसं फाटतील एवढी रडणारी. बारशाला बाईंनी तिला पाळण्यात घातलं आणि वहिनींनी गाणी म्हटली, बेसूर. पुढे वहिनींचे यजमान निवृत्त झाले आणि ते दोघं निफाडजवळच्या गावी राहायला गेले. आम्हीही कॉलनी सोडून शहरात आलो. दिवाळीला फोन, लग्नकार्यात भेट, एवढंच उरलं.

तर त्या दुपारी टीव्हीवर ते बाळ मेलं. फोन हातात घेऊन मी उभी राहिले आणि मग हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंनी पानं शिवली, तसे वहिनींनी शेवट शिवले होते. माझ्यासमोर मेलेल्या बाळाची गोष्ट कोण सांगणार? मी आत जाऊन मुलीच्या कपाळावर हात ठेवून बसले. ताप उतरला होता. मला वहिनींविषयी इतकी माया दाटून आली की भर दुपारी मी एकटीच रडले.

पण मी पडले चिकित्सक. थोड्या महिन्यांनी, मी पलंगावर काढलेल्या त्या हिवाळ्यातल्या आणखी एका सिनेमाची सीडी मिळाली. हा विनोदी होता. त्यात मरण नाही, आजार नाही, नुसता धुडगूस. त्याचाही उत्तरार्ध वहिनींनी सांगितला त्याच्याशी कशाचा कशाला मेळ नाही! हसण्याच्या सिनेमात लपवण्यासारखं काय होतं? हे कोडं मला स्वस्थ बसू देईना. शेवटी द्राक्षाच्या हंगामात एका रविवारी मी निफाडची एस.टी. धरली.

वहिनी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. केस पांढरे, आवाज तोच. मुलीची चौकशी झाली, चहा झाला, मग मी विषय काढला. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

‘अगं, मी शेवट बघितलेच नाय तर खरे कुठून सांगू? मध्यंतर झालं की मी उठून यायची.’

‘उठून? का?’

‘का म्हंजे? कामवाली दीडला जायची. तू एकटी, गोळी घेऊन झोपलेली. काय दुखलं-खुपलं तर हाक कोण ऐकनार? मंग मी आपली माझ्या दाराशी तांदूळ घेऊन बसायची, तुमचं दार किलकिलं करून. राखन नको म्हनून तू केवढा तमाशा केला व्हता, आठवतं ना? आत येऊन बसले असते तर तू मला खाल्लंच असतं.’

‘मग जायचंच कशाला? गुरुवार सोडून द्यायचा.’

‘आन् तुला काय सांगितलं असतं? सिनेमा बंद केला असता तर तुला लगेच वास आला असता. आन् तू चार वाजायची वाट बघायची नाय का!’

ही बाई, जिचा लग्नानंतर एक गुरुवार चुकला नाही, ती त्या सगळ्या हिवाळ्यात पडद्यावर ‘मध्यंतर’ आलं की पदर खोचून रिक्षाने घरी येत होती. शुक्रवारी सिनेमा बदलायचा, म्हणजे उरलेला अर्धा कायमचा गेला. आणि बाकीचे दिवसही त्या दारात असतच, हे मला आता कळत होतं. मी झोपेत असताना मला आणि माझ्या पोरीला कुणीतरी राखत बसलं होतं, आणि मी स्वतःला मोठी एकटीने निभावणारी समजत होते. मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, ‘उठ गं, तांदूळ सांडशील.’

मग त्यांनी सूप बाजूला सारलं आणि मांडी घालून बसल्या. डोळ्यांत ते जुनं वेड.

‘तू बघितले ना आता? मंग सांग की. त्या हसायच्या सिनेमातल्या बंगलेवालीचं काय झालं पुढं?’

मी सांगायला लागले. टॉवेल नव्हता, ओढणीच डोक्याला गुंडाळली. विनोदी सिनेमाला त्या खोकला लागेपर्यंत हसल्या. त्या हिवाळ्यातले आणखी एकदोन मला ठाऊक होते, तेही सांगितले. मग त्यांनी विचारलं, ‘आन् ती नायकाची बहीण? बाळंत व्हायला माहेरी आलेली?’

वहिनींचाच शेवट सांगावा असं क्षणभर वाटलं. पण त्यांना खोटं सांगायचं धाडस मला झालं नाही. मी जसं पाहिलं तसं सांगितलं. डॉक्टर बाहेर येतात, मान हलवतात, आजीच्या हातातला नारळ गळून पडतो.

वहिनींनी डोळे पुसले. मग एकदम फणकारल्या.

‘छ्या! हा काय शेवट झाला? माझाच बरा व्हता. माझ्यात बाळ जगलं व्हतं.’

‘हो वहिनी,’ मी म्हटलं. ‘तुमच्यात जगलं.’