शिडीमावशीचा फिरता क्रूस

तिचं खरं नाव इस्पितळाच्या हजेरीपटात तेवढं होतं. वॉर्डात, स्वयंपाकघरात, अगदी फाटकावरच्या रखवालदारालाही ती शिडीमावशी म्हणूनच माहीत.

इस्पितळात प्रार्थनाघर एक आणि मंडळ्या दोन. रविवारी आठला कॅथलिकांची मिस्सा, साडेनऊला प्रॉटेस्टंटांची उपासना. मधल्या पंधरा मिनिटांत मावशीने घराचा चेहरा बदलायचा. मारिया मातेच्या पुतळ्यापुढे पडदा ओढायचा, मेणबत्त्या कपाटात ठेवायच्या आणि शिडीवर चढून वेदीमागचा मोठा क्रूस उतरवायचा. त्या क्रूसावर लाकडात कोरलेला येशू होता. कॅथलिकांना त्याच्या जखमा डोळ्यांसमोर हव्या असत. प्रॉटेस्टंट म्हणत, प्रभू उठला आहे, क्रूस रिकामा आहे. आणि मूर्तीपुढे आम्ही प्रार्थना करत नाही. मग त्या जागी साधा क्रूस लटके. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मावशी कॅथलिक, तिचे दिवंगत मालक प्रॉटेस्टंट. लग्नात दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली, तरी संसार छत्तीस वर्षं टिकला. मालक गेले आणि मागे थोरली नणंद राहिली. पाय लुळे पडल्यापासून ती याच इस्पितळात, प्रार्थनाघराच्या भिंतीपलीकडच्या बायकांच्या वॉर्डात होती. रविवारी मावशी तिला चाकांच्या खुर्चीतून उपासनेला न्यायची. आठवड्यातलं तिचं तेवढंच बाहेर पडणं.

क्रूस उतरवण्याआधी मावशी येशूच्या पायांवर ओठ टेकवून पुटपुटायची, "येते हं, तासाभराने." त्या रविवारी तिने त्यासाठी शिडीवरचा हात सोडला. शिडी सरकली आणि मावशी धाडकन खाली आली. मनगट मोडलं. क्रूस हुकावर होता, म्हणून वाचला.

दुसऱ्याच दिवशी फादर म्हणाले, "आता क्रूस तिथून हलणार नाही. माणसं मोडून घ्यायची आहेत का?"

"मग आम्ही नदीपलीकडच्या शाळेत उपासना घेऊ," प्रॉटेस्टंटांचे पाळक म्हणाले. "भांडण नको."

भांडण झालं नाही, पण शाळेचा हॉल दुसऱ्या मजल्यावर होता.

"वहिनी, मला खिडकीतून आत फेकणार आहेस का?" नणंद म्हणाली. हसली, आणि मग तोंड भिंतीकडे वळवलं.

"वन्सं, रविवार यायला सहा दिवस आहेत," मावशी म्हणाली. "तोवर असं तोंड पाडून बसायचं नाही."

त्या दुपारी ती प्रार्थनाघरात एकटीच बसून राहिली. क्रूस कसा आहे, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढून सगळेच बघत. मागून तो पुसणारी एकटी ती. मागची बाजू गुळगुळीत, स्वच्छ, निव्वळ लाकूड. आणि क्रूसामागे भिंत नव्हतीच. तिथे रुंद खिडकी होती, फळ्या ठोकून बंद केलेली. फळ्यांपलीकडे बायकांचा वॉर्ड.

ती तशीच उठून इस्पितळाच्या सुताराकडे गेली. "सुतारदादा, मोडक्या खुर्च्यांच्या चाकांतले बेअरिंग आहेत का?"

"पोतंभर आहेत. गाडी काढणार का मावशी?"

"गाडी नाही. क्रूस फिरवायचाय."

फादरना बेत ऐकून धक्काच बसला. "पोराला कोपऱ्यात उभं करावं तसं प्रभूला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं?"

"भिंत कुठली, फादर? फळ्या काढल्या की पलीकडे बारा खाटा आहेत. त्यांतल्या सात जणी आपल्या. एकीलाही मिस्सेला येता येत नाही. आपण इथे नसताना तो त्यांच्याकडे बघेल."

फादरनी फळ्यांच्या फटीतून पलीकडे डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "सुताराला सांग, नीट पक्कं बसव."

पाळक म्हणाले, "पण मावशी, मूर्ती तर तिथेच राहते ना, पलीकडच्या बाजूला."

"राहते. तुम्ही काय वॉर्डात जाऊन खाटेवरून उपासना घेणार आहात, साहेब?"

पाळकांना हसू आवरेना. "मावशी, आमच्या बाजूने साधा क्रूसच दिसणार?"

"निव्वळ लाकूड. एकोणीस वर्षं मी स्वतः पुसलंय."

सुताराने शनिवारपर्यंत फळ्या काढून खिडकीत वरपासून खालपर्यंत लोखंडी दांडा बसवला, दोन्ही टोकांना बेअरिंग घातले आणि क्रूस आधीपेक्षा खाली, हाताला येईल असा दांड्यावर जखडला.

रविवारी मिस्सा संपली तरी कॅथलिक मंडळी उठेनात. दारात प्रॉटेस्टंट मंडळी माना उंचावून उभी. नणंदेची खुर्ची सगळ्यांत पुढे. मावशीने पडदा ओढला, मेणबत्त्या ठेवल्या आणि वेदीमागे गेली. येशूच्या पायांवर तिने ओठ टेकवले. आता तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते. मग प्लास्टर नसलेला हात आडव्या लाकडाला लावून ढकललं.

क्रूस आवाज न करता फिरला.

इकडे रिकामा, गुळगुळीत क्रूस उभा राहिला. आणि खिडकीपलीकडून एक म्हातारा, चिरका आवाज आला, "अगं बायांनो, उठवून बसवा मला! तो आलाय बघा!"

प्रार्थनाघरात कुणीतरी टाळी वाजवली आणि मग कुणाचेच हात थांबेनात. फादर टाळ्या वाजवत होते, पाळकही. नणंदेने कुणाची वाट न बघता भसाड्या आवाजात पहिलं गीत सुरू केलं, आणि उघड्या खिडकीतून खाटांवरच्या बायकाही येईल तसं म्हणू लागल्या.

संध्याकाळी मावशीने शिडी सुताराला देऊन टाकली.

"आता तुला काय म्हणायचं गं?" त्याने विचारलं.

"शिडीमावशीच म्हण," ती म्हणाली. "चढले होते की मी एकोणीस वर्षं!"