मागच्या सीटवरचा कान

वडनेरचा मिस्त्री आधी बॉनेट उघडतच नसे. तो मागच्या सीटवर कान टेकवी, कारण पेट्रोलचा पंप तिथेच, सीटखालच्या टाकीत असतो. "चूप राहा अन् चाबी फिरवा," म्हणे. बाबा निमूट चावी फिरवत आणि शेजारी मी श्वास रोखून बसे.

परवा कित्येक वर्षांनी तीच गाडी घेऊन एकटाच गेलो. पंप कण्हत होता, मध्येच अडकत होता. मिस्त्रीचे केस पांढरे झालेत, पण कान तिथेच टेकला. मी चावी फिरवली.

"टाकी रिकामीच ठेवता काय, भाऊ? पेट्रोलात बुडून असला तरच पंप थंडा राह्यते. तुमचे बाबा तं अर्ध्याखाली जाऊच देत नोते."

मी पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं.

"कवा गेले बाबा?" सीटवरचा कान न उचलता त्यानं विचारलं.