सहावी शिट्टी कुणाची?

मी आयुष्यात पहिल्यांदा कोंबडी शिजवली, तेव्हा ती शिजली नाही.

ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. माझं माहेर शाकाहारी. त्याने सासरी काही बिघडलं नाही, कारण गावी गेलं की चूल सासूबाईंच्या ताब्यात असायची. पण त्या गेल्या, आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे, गावचं घर बंद करून आमच्याकडे नवघरला राहायला आले. येताना भूक तिकडेच विसरून आले. अर्धी पोळी, दोन घास भात, की ताट सरकवायचे. तक्रार कसलीच नाही. केली असती तर बरं वाटलं असतं! एकदा मात्र सहज बोलून गेले, "तिच्या हातची कोंबडी आणि भाकरी असायची, बघ."

झालं! आप्पांना पोटभर जेवताना बघायचंच, असं मी ठरवलं.

रविवारी नवऱ्याने डोंगरीहून गावठी कोंबडी कापून आणली. मी आलं-लसूण लावलं, सासूबाईंचा मसाला घातला, कांदा-खोबरं भाजून वाटण केलं आणि सगळं कुकरमध्ये ढकललं. आता प्रश्न वासाचा. भिंतीपलीकडे हंसाबेन, कांदासुद्धा न खाणाऱ्या! म्हणून मी किचनची खिडकी लावली, दार लावलं, दाराबाहेर उदबत्त्या लावल्या. (इतकं सगळं लावलं, फक्त एक गोष्ट सोडून.) मग परात घेऊन हॉलमध्ये तांदळाचं पीठ मळायला बसले.

गावठीला सहा शिट्ट्या लागतात, असं आप्पांनी सांगितलं होतं. पहिली झाली तसा त्यांनी पेपर खाली ठेवला. तिसरीपासून आम्ही दोघं मोठमोठ्याने मोजायला लागलो. सहावीला मी आत धावले. किचनमध्ये ही वाफ! चाचपडत गॅस बंद केला. कोंबडी फारच मनापासून शिजलेली दिसत होती.

भाकऱ्या केल्या. एकही गोल नव्हती. पानं वाढली. आप्पांनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिले. चावतच राहिले. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. शेवटी पाणी पिऊन ते म्हणाले,

"सूनबाई, हिची अजून जायची तयारी दिसत नाही."

सासूबाई गेल्यापासून आमच्या घरात 'जाणं' हा शब्दही कुणी उच्चारत नव्हतं. आप्पाच आधी हसले. मग त्यांचे डोळे भरून आले. मसाला तिखट आहे म्हणाले. मीही तेच म्हणाले.

नवरा उठून आत गेला आणि भांड्यांच्या जाळीतून कुकरची शिट्टी घेऊन आला. कोरडी ठणठणीत! मग एवढा वेळ वाजत कोण होतं?

तेवढ्यात बेल वाजली. दारात हंसाबेन, हातात वाटी. "भाभी, मेरे कुकर की सीटी आप लोग काहे को गिन रहे थे? मैंने भी छह पे बंद कर दिया. दाल एकदम मस्त हुई, लो."

कोंबडी पुन्हा चढवली, या वेळी शिट्टी लावून. ती शिजेपर्यंत आप्पांनी त्या डाळीबरोबर एक भाकरी खाल्ली, आणि नंतर कोंबडीबरोबर दोन. बोटं चाटली. वर विचारलं, "पुढच्या रविवारी पण करशील ना गं?"

उदबत्त्या आता मी फक्त देवापुढे लावते, कारण हंसाबेनना वासावरून त्या दिवशीच सगळं कळलं होतं. माझा कुकर चढला की त्याच भिंतीपलीकडून ओरडतात, "भाभी, ये वाली मेरी है!"

बरं करतात. मला अजून ओळखू येत नाही.